खुर्शीदभाईंची नॉर्थ

तळोजा म्हटलं की लोकांना कारखान्यांच्या चिमण्या आठवतात आणि नाकाला रुमाल लावावासा वाटतो. खुर्शीद मुकादमांना याचा मनापासून राग होता. ते तळोजा गावचे. गाव पहिल्यापासूनचं, कारखाने कालपरवाचे. ‘तळोज्याला म्हणजे एमआयडीसीत राहता का?’ असं कुणी विचारलं, की ‘एमआयडीसी आमच्याकडे राहते’ असं सांगून ते विषय संपवत.

माणूस उंच, किडकिडीत, बोलण्यात हळू आणि कामात त्याहून हळू. कानावर पेन्सिल कायमची. ऑफिसात संगणक आल्यावर पेन्सिलीचं काही काम उरलं नाही, तरी ती खाली उतरली नाही. बेलापूरच्या एका छोट्या ऑफिसात त्यांच्या टेबलावर ‘सीनियर ड्राफ्ट्समन’ अशी पाटी होती, पण म्हणत सगळे खुर्शीदभाईच.

नकाशा काढायला ते आयटीआयमध्ये शिकले खरे, पण हात त्याआधीच घडलेला होता. वडील हमीदमिस्त्री गवंडी. पनवेलपासून उरणपर्यंत त्यांनी घरं बांधली, दोन-तीन मशिदीही बांधल्या. त्यांचा नकाशा सिमेंटच्या फाडलेल्या गोणीच्या कागदावर असे. कागद पसरला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, किबला कुठे? किबला म्हणजे नमाजाची दिशा. आपल्याकडे ती पश्चिमेला. ती बाजू ते कागदाच्या वरच्या अंगाला घेत आणि मग भिंती टाकत. संडासाचं तोंड कुठे नको, पलंगाचे पाय कुठे नकोत, हे सगळं त्यावरून ठरायचं. ‘किबला डोक्याशी ठेव, बाकीचं आपसूक जागेवर बसतं,’ असं त्यांनी पोराला सांगितलं. पोरानं कधी ‘का’ म्हणून विचारलं नाही. पुढे आयटीआयच्या मास्तरांनी उत्तर दिशा वर ठेवायची असते असं बजावलं, तेव्हा खुर्शीदभाई ‘जी’ म्हणाले आणि पश्चिमच वर ठेवत राहिले.

तशी यात चूक काहीच नव्हती. पश्चिम वर असली की उत्तर उजवीकडे येते, आणि खुर्शीदभाई प्रत्येक नकाशावर उत्तरेचा बाण न चुकता उजवीकडे काढत. ड्राफ्ट्समन लोक त्या बाणाला नुसतं ‘नॉर्थ’ म्हणतात. नकाशा बघणाऱ्या नव्या साहेबाला सुरुवातीला मान जरा तिरकी करावी लागे, मग त्यालाही सवय होई. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं, आणि बिनबोभाट चाललेल्या गोष्टीकडे पुन्हा कोण बघतो?

ऑफिस होतं सरस्वती कोळी यांचं. मॅडम बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या, कोळीवाड्यातल्या. आई अजून बाजारात मासळी घेऊन बसायची आणि लेक कारखान्यांना सल्ला द्यायची. कारखान्यात वायू सुटला, आग लागली, तर माणसांनी कुठून बाहेर पडायचं आणि कुठे जाऊन उभं राहायचं याचे नकाशे करणं हे त्यांचं मुख्य काम. त्या वर्षांत अशा नकाशांची मागणी एकदम वाढली होती. भिंतीवर नकाशा असल्याशिवाय तपासणीला येणारे साहेब ऐकत नसत.

खुर्शीदभाईंच्या दृष्टीनं हे नुसतं पोटापाण्याचं काम नव्हतं. त्यांचा धाकटा मुलगा नौमान तळोज्याच्याच एका रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. आदल्या वर्षी तिथं एका पाइपचा जोड सुटून वायू पसरला. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली, आणि नौमान नेमका वारा जात होता तिकडे पळाला. घरी आला तेव्हा डोळे सुजून मिटले होते. दोन दिवस आई त्याला हाताला धरून मोरीकडे न्यायची. डोळे वाचले, पण खुर्शीदभाईंची भीती गेली नाही. ऐन वेळी आपल्या पोराला कुठे पळायचं ते कळलं पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत असे. त्याच कारखान्यानं नकाशाचं काम मॅडमना दिलं, तेव्हा ‘हे मी स्वतः तपासणार’ असं त्यांनी न विचारता सांगून टाकलं.

सत्त्याण्णव साली संगणक आला. त्यासोबत आकृत्या काढायचं एक सॉफ्टवेअर आलं आणि ते शिकवायला रूपेश घरत आला. रूपेश नावड्याचा, नुकताच डिप्लोमा झालेला, दिवसातून चार कटिंग पिणारा आणि माऊस धरलेल्या हातानंच डोकं खाजवणारा. पोरगा चांगला होता. फक्त शिकवताना त्याचा धीर लवकर सुटायचा.

“चाचा, ही डाव्या बाजूची हिरवी पट्टी बघा. हिला स्टेन्सिल म्हनतात.”

“स्टेन्सिल माझ्याकडे पण हाय,” म्हणत खुर्शीदभाईंनी ड्रॉवरमधून प्लास्टिकची हिरवी पट्टी काढली. तिच्यात गोल, चौकोन, दरवाजे, कमोड असे आकार कापलेले. भोकात पेन्सिल फिरवली की आकार तयार.

“तीच समजा. यातला दरवाजा पकडायचा आनि कागदावर ओढून टाकायचा.”

खुर्शीदभाईंनी दरवाजा ओढला. कागदावर आला. मग ते पट्टीकडे बघत बसले.

“काय झालं?”

“तो तिथंच हाय अजून.”

“मग? तो तिथंच र्‍हानार.”

“मग मी काढला तो कुठला?”

रूपेशनं डोकं खाजवलं. पट्टीतला तो मूळ, कागदावर येतो तो त्याचा अवतार, कितीही वेळा ओढा, संपत नाही, असं त्यानं समजावलं. खुर्शीदभाईंनी खात्री करून घेण्यासाठी कागद दरवाज्यांनी भरून टाकला. खरंच संपेना. यात आनंद मानावा की काळजी करावी ते त्यांना ठरवता आलं नाही.

पण त्यातलं एक त्यांना मनापासून आवडलं. आपले आकार आपण बनवून, आपली पट्टी भरून ठेवता येत होती. बाजारच्या पट्टीत डोळे धुवायचा नळ नव्हता, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी नव्हती, जमायच्या जागेची खूण नव्हती. मॅडम म्हणाल्या, “खुर्शीदभाई, तुमीच करा आपल्या ऑफिसचा संच. सगळे तोच वापरतील. म्हणजे नकाशे एकसारखे दिसतील.” त्या संचाला ऑफिसात ‘चाचांचा डबा’ हे नाव पडलं.

डबा भरायला लागले आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. खुर्शीदभाईंनी दिवसभर बसून नळ काढला, जिना काढला, आग विझवायचं सिलिंडर काढलं, एकेक आकार निगुतीनं पट्टीत ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतात तर पट्टी रिकामी.

“तुमी कॉपी उघडली असनार,” रूपेश म्हणाला. “डबा उघडताना ओरिजिनल उघडायचा. नायतर तो त्याची कॉपी देतो.”

“मग काल मी कुठे काम करत होतो?”

“कॉपीत.”

“आणि कॉपी कुठाय?”

“नावाशिवाय बंद केली ना तुमी. ती नाय र्‍हायली.”

“पण मी तर इथंच बसलो होतो,” खुर्शीदभाई म्हणाले. त्यांनी सगळे आकार पुन्हा काढले. नळ आधीपेक्षा बरा आला, हे मात्र त्यांनी स्वतःच कबूल केलं.

दुसरी भानगड आकार फिरण्याची. माऊस पकडताना त्यांचा हात घसरायचा आणि सरळ ठेवलेला जिना कलंडायचा. यावर काही इलाज आहे का विचारल्यावर रूपेशनं एक सोय दाखवली. आकारावर कुलूप घालता येतं, मग तो कुणालाच फिरवता येत नाही. खुर्शीदभाईंना ही सोय इतकी पसंत पडली की त्यांनी डब्यातल्या एकूण एक आकाराला कुलूप ठोकलं. दुसऱ्या दिवशी रूपेशचा एक दरवाजा फिरेना. दरवाजा सगळ्या भिंतींत एकाच तोंडानं कसा बसणार? कपाळाला हात लावून तो एकेक कुलूप काढत गेला. नॉर्थपाशी आल्यावर त्यानं विचारलं, “हिचं काढू?”

“नॉर्थ कोण फिरवतो?” खुर्शीदभाई म्हणाले.

“ते पन हाय,” म्हणत रूपेशनं ते कुलूप राहू दिलं. दोघांचंही यावर पूर्ण एकमत झालं. खुर्शीदभाईंची नॉर्थ, उजवीकडे तोंड केलेली, कुलूपबंद होऊन डब्यात बसली.

नौमानच्या कारखान्याचं काम निघालं ते घाईचं. तपासणीची तारीख जवळ आलेली. आत जायला गेटपास एकाचाच मिळाला, तेव्हा मापं घ्यायला रूपेश गेला. कारखान्यानं जुन्या नकाशाची झेरॉक्स दिली होती, पण तिचा एक कोपरा मशीनमध्ये कापला गेलेला, आणि दिशेचा बाण नेमका त्याच कोपऱ्यात होता. रूपेशनं गेट खाली आणि गोदाम वर, अशी झेरॉक्सप्रमाणेच आकृती काढली. डब्यातून दरवाजे टाकले, नळ टाकले, शेवटी नॉर्थ टाकली. ती उजवीकडे वळलेली बघून त्याला क्षणभर चुकल्यासारखं वाटलं. फिरवून बघितली, फिरेना. चाचांनी कुलूप ठेवलंय म्हणजे काही कारण असेल, असं म्हणून त्यानं तीच खरी मानली. जमायच्या दोन जागा होत्या. नकाशात उजवीकडे होती तिथं त्यानं ‘उत्तर मैदान’ लिहिलं, वरच्या बाजूला होती तिथं ‘पश्चिम मैदान’.

खुर्शीदभाईंनी तो नकाशा एक अख्खा दिवस तपासला. प्रत्येक दरवाजा, प्रत्येक जिना, नौमान उभा राहतो त्या टाकीपासून बाहेर पडायच्या दोन्ही वाटा. एका वाटेत पाइप आडवा येत होता तो त्यांनी बरोबर पकडला आणि रूपेशला बदलायला लावला. दिशा बघितल्या. पश्चिम वर, उत्तर उजवीकडे, सगळं जागच्या जागी. त्यांनी खाली सही केली. हमीदमिस्त्री असते तर त्यांनाही त्यात खोट दिसली नसती.

मॉक ड्रिलच्या दिवशी मॅडम, रूपेश आणि खुर्शीदभाई तिघंही कारखान्यात हजर होते. खोटी खोटी गळती करायची, भोंगा वाजवायचा आणि माणसं ठरल्या जागी येतात का ते बघायचं. कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर पाहुण्यांना गोदामामागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेले. छपरावरची कापडी पिशवी फुगून पूर्वेकडे ताठ झाली होती. “वारा खाडीकडनं हाय,” ऑफिसर म्हणाले. “गॅस पूर्वेला जाणार. आपण सगळ्यांना उत्तरेला, इथं, बोलवू.” आवारात मधोमध ओलं गोणपाट पेटवून धूर केला होता. भोंगा वाजला. लाउडस्पीकरवरून ‘उत्तर मैदानावर जमा व्हा’ अशी घोषणा झाली. ऑफिसर हातात घड्याळ धरून उभे राहिले.

कुणी आलं नाही.

ऑफिसरनी घड्याळ कानाला लावून बघितलं. मॅडमनी रूपेशकडे बघितलं. घोषणा पुन्हा झाली. मैदानावर एक कुत्रं तेवढं येऊन बसलं. “माणसं घरी गेली का काय?” रूपेश हळूच म्हणाला. खुर्शीदभाईंना काहीच कळेना. गोदामाला वळसा घालून ते आवारापर्यंत आले, आणि तिथून त्यांना कारखान्याची सगळी माणसं दिसली. ती पलीकडे, पूर्वेला, टँकर उभे राहतात त्या जागेवर होती. अगदी शिस्तीत, रांगा करून. गोणपाटाचा सगळा धूर त्यांच्या अंगावर जात होता. कुणी नाकाला रुमाल लावला होता, कुणी खोकून वाकला होता, पण जागा सोडायला कुणी तयार नव्हतं. आणि पहिल्या रांगेत पहिला, डोळे चोळत, नौमान उभा होता.

खुर्शीदभाई आवाराच्या कडेलाच थांबले. गोणपाटाच्या जागी पाइप असता तर, हा एकच विचार त्यांना पुढे जाऊ देईना. ऑफिसर धावत गेले आणि हातवारे करून माणसांना हलवू लागले. “नकाशात उत्तर इकडंच हाय, साहेब,” रांगेतून कुणीतरी ओरडून सांगितलं.

मग हजेरी लागते त्या टाइम ऑफिसच्या भिंतीवरच्या नकाशापुढे सगळे जमले आणि तिथं खरा गोंधळ सुरू झाला.

“नकाशा उलटा आहे,” ऑफिसर म्हणाले.

“उलटा कसा?” खुर्शीदभाईंनी काचेवर बोट ठेवलं. “ही पश्चिम वर. ही नॉर्थ उजवीकडे. चूक कुठाय ते दाखवा.”

“अहो, उत्तरेला गोदाम आहे. गोदाम वर काढलंय. नॉर्थ वर पायजे.”

“वर पश्चिम असते.”

“कुणाची?”

खुर्शीदभाईंना प्रश्नच समजला नाही. वर पश्चिम असते, यात ‘कुणाची’ काय? त्यांनी मदतीसाठी रूपेशकडे बघितलं.

“चाचा, मला नाय म्हाईत वर काय हाय,” रूपेश रडकुंडीला आला होता. “मी गेट खाली घेतला. नॉर्थ तुमच्या डब्यातनं घेतली. मला वाटलं तुमी बघितलं असनार.”

“मी बघितलं. मला वाटलं तू जागेवर बघितलं असणार.”

मॅडम पुढे झाल्या. त्यांनी नकाशाची फ्रेम खिळ्यावरून काढली, बाहेर आवारात नेली आणि जमिनीवर ठेवली, गेटची बाजू गेटकडे करून. “खुर्शीदभाई, इकडे या. आता सांगा, बाण कुठे दाखवतोय?”

खुर्शीदभाई गेटकडे पाठ करून नकाशापाशी उकिडवे बसले. दुपार कलली होती. सूर्याकडे बघायचीही त्यांना गरज नव्हती. तळोज्यात कुठेही उभं केलं तरी पश्चिम कुठे ते त्यांच्या अंगाला कळत असे. आताही मान आपोआप डाव्या हाताला वळली. पश्चिम डावीकडे होती. नकाशाच्या वरच्या अंगाला गोदाम होतं आणि बाण, त्यांचा स्वतःचा कुलूपबंद बाण, सरळ टँकरांच्या जागेकडे बोट करून होता. तिथं अजून धूर तरंगत होता. त्यांनी एकदा नकाशाकडे बघितलं, एकदा धुराकडे, पुन्हा नकाशाकडे. आयुष्यभर कागद ज्या बाजूनं धरला ती बाजू कागदाची नव्हती, त्यांची होती, हे त्यांच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. नीट ध्यानात आलं असंही नाही. शरम मात्र लगेच वाटली.

ऑफिसवर परतल्यावर रूपेशनं पहिलं काम केलं ते डबा उघडायचं. या वेळी ओरिजिनल. नॉर्थचं कुलूप काढून तिला वर तोंड करून ठेवली आणि सुटकेचा श्वास सोडला. “झालं, चाचा. सुधारली.”

“मग तो नकाशा उघड.”

उघडला. बाण उजवीकडेच.

“हे काय? तूच म्हणालास, पट्टीतला मूळ, कागदावरचे त्याचे अवतार. मग मूळ सुधारलं की सगळे सुधारायला पायजे.”

“तसं नाय. ड्रॉइंगच्या आतल्या डब्यात सुधारलं तर त्या ड्रॉइंगमधी सुधारतं. आकार ओढला ना, की त्याची एक मूळ कॉपी ड्रॉइंगच्या आत जाऊन बसते.”

“म्हणजे डबे किती हाय?”

“जितकी ड्रॉइंग, तितके.”

खुर्शीदभाई खुर्चीत मागे टेकले. आतापर्यंत एक डबा होता, तोही धड कळला नव्हता. “आणि भिंतीवर लावलेत ते?”

“ते तर कागद हाय, चाचा. ते कोन सुधारनार?”

याच्यापुढची गंमत खुर्शीदभाईंच्याच लक्षात आली, आणि ती गंमत मुळीच नव्हती. त्यांनी स्वतः काढलेले नकाशे बरोबर होते, कारण त्यांत पश्चिम वर होती. आता डब्यातली नॉर्थ वर वळवली, म्हणजे उद्यापासून रूपेशचे नकाशे बरोबर आणि त्यांचे चूक. न वळवावी तर त्यांचे बरोबर आणि रूपेशचे चूक. “तुमी पन नॉर्थ वर ठेवून काढा ना,” रूपेश म्हणाला. खुर्शीदभाईंनी खरोखरच प्रयत्न केला. कोरा कागद पुढे घेतला आणि आपल्याच घराचा नकाशा उत्तर वर ठेवून काढायला बसले. थोड्या वेळानं बघतात तर मोरी शेजाऱ्याच्या अंगणात गेली होती. त्यांनी कागद चुरगळून टाकला.

शेवटी ते मॅडमच्या टेबलापाशी गेले. “मॅडम, डब्यातनं नॉर्थ काढून टाकू. दरवाजा राहू दे, नळ राहू दे, ते कुठेपण सारखेच असतात. नॉर्थ ज्यानं त्यानं जागेवर जाऊन बघावी आणि हातानं काढावी. तयार मिळाली तर कोण बघतो? मी नाय बघितली.”

“काढा,” मॅडम म्हणाल्या. “आणि उद्यापासून रूपेशला घेऊन सगळे कारखाने फिरा. नकाशा जमिनीवर ठेवून बघायचा. चुकीचा असेल तो तिथल्या तिथं उतरवायचा. लोक काय बोलतील ते मी ऐकून घेईन.” त्या रागावल्या असत्या तर खुर्शीदभाईंना जरा बरं वाटलं असतं.

नॉर्थ पुसताना संगणकानं खात्री आहे का म्हणून विचारलं. संगणकानं विचारलेल्या प्रश्नांपैकी एवढा एकच त्यांना नीट कळला होता. त्यांनी होकार दिला. हिरव्या पट्टीत एक जागा मोकळी झाली.

घरी पोचले तेव्हा मगरीबची, सूर्यास्ताची अजान होऊन गेली होती. नौमान ओट्यावर बसून डोळ्यांवर ओला रुमाल दाबत होता. खुर्शीदभाईंनी चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी बसले. एक प्रश्न दुपारपासून त्यांना कुरतडत होता, आणि तो विचारायची त्यांना भीती वाटत होती.

“नौमान, तू तिथं रोज दुपारची, जोहरची नमाज पढतोस ना?”

“हो. कँटीनच्या मागं.”

“म्हणजे पश्चिम कुठाय ते तुला म्हाईत हाय.”

“हाय.”

“मग उत्तर पण म्हाईत हाय.”

नौमाननं रुमाल खाली घेतला. डोळे अजून लाल होते. “हाय, अब्बा.”

“मग तिकडं का गेलास?”

नौमाननं रुमालाची घडी घातली. “मला वाटलंच होतं, नकाशात काहीतरी वेगळं हाय. पहिल्या दिवशीच वाटलं. पण खाली तुमची सही होती. मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल.” मग खाली बघत तो म्हणाला, “आजपण आमचा किसन बोलत होता, उत्तर गोदामाकडं हाय, तिकडं चला. मीच त्याला गप्प केलं. बोललो, माझ्या अब्बांनी काढलाय नकाशा, चुकणार नाय. मग सगळे माझ्या मागनं आले.”

पोराचा एवढा विश्वास आपल्यावर आहे हे खुर्शीदभाईंना कधी ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते आज, आणि तेही असं. त्याला जवळ घ्यावं की त्याच्या एक मुस्काटात द्यावी, काहीच सुचेना. त्यांनी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“हे बघ,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी माझी सही बघू नको. वारा बघ. तुला जे दिसतं ते खरं धर. मी सांगितलं म्हणून काही करू नको.”

“हो, अब्बा,” नौमान म्हणाला. लहानपणापासून तो त्यांना ज्या आवाजात हो म्हणत आला होता, त्याच आवाजात. त्याला ते पटलं होतं म्हणून तो हो म्हणाला, की अब्बांनी सांगितलं म्हणून, हे खुर्शीदभाईंना काही केल्या कळेना.